पोषण आहार: दाखला मागणाऱ्यांना उत्तर

कोरडवाहू: ‘सुखवस्तू घरची पोरंही शाळेत खिचडी खातात, उत्पन्नाचा दाखला घेऊन गरजूंनाच द्या’ ही पोस्ट वाचून राहवलं नाही. अमेरिकेत हेच करतात: घरचं उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १३० टक्क्यांपर्यंत असेल तर फुकट, १८५ पर्यंत सवलत, पुढे पूर्ण पैसे. फुकटवाला कोण ते कळू नये म्हणून पोरं उपाशी राहायची. २०१० च्या कायद्याने गरीब वस्तीतल्या शाळांना अर्ज न घेता सरसकट जेवण द्यायची मुभा मिळाली. आपल्या सरकारी-अनुदानित शाळांत पहिली ते आठवी सरसकटच आहे. ते मोडायचं?

हिशेबनीस: पोस्ट माझी आहे. सरसकट फक्त कागदावर. डबेवाले वर्गात, खिचडीवाले व्हरांड्यात. गरीब कोण ते दाखल्याशिवायही दिसतं.

कोरडवाहू: मग पंगत एक करा. ताटं सगळ्यांना शाळेची, डबाही त्याच ताटात काढायचा. वाढण्याआधी चव बघणं शिक्षकांवर बंधनकारक आहेच, ते घास पंगतीत बसून खावेत.

चुलीजवळची: आधी ताटात काय पडतं ते बघा! पाचवीपर्यंतची ६० पोरं म्हणजे तांदूळ ६ किलो, डाळ १ किलो २०० ग्रॅम, भाजी ३ किलो, तेल ३०० ग्रॅम. दहाला शिजलेली खिचडी एकला वाढली की गोळा होतो, कारण तांदूळ पाणी पीतच राहतो. पोरं टाकतात आणि ‘फुकटचं असंच’ हे मनात बसतं. सुट्टीआधी तासभरच आधण ठेवा, उकळतं पाणी हाताशी असू द्या, फोडणी शेवटी वरून. मटकी आदल्या सकाळी भिजत घालून रात्री फडक्यात बांधा, नाहीतर दाताखाली कचकचते. ६० पोरांमागे दोन बायका. चिरणं, शिजवणं, वाढणं, भांडी, सगळं प्रत्येकी महिना २५०० रुपयांत.

हिशेबनीस: मानधनाचा विषय वेगळा आहे.

चुलीजवळची: वेगळा कसा? खिचडी बिघडली की बोल त्यांनाच लागतो. चूल न बघता हिशेब मांडू नका.

रानमेवा: आणि अंडं? नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्याला एक सुरू केलं, जानेवारी २०२५ मध्ये सरकारने पैसे थांबवले. लोकसहभागातून द्या म्हणे! ज्या गावाला गरज जास्त, तिथे वर्गणी कोण देणार?

हिशेबनीस: अंड्यानेच पंगत फुटते. अंडं न खाणाऱ्यांना केळं, ते केळंवाले वेगळे बसतात.

रानमेवा: वर्गात हात वर करायला लावल्यामुळे फुटते. अंडं की केळं, ते पालकांकडून जूनमध्ये एकदाच लिहून घ्या. अंडं सोलून आणा, अंडं असो की केळं, बसल्या जागी ताटात वाढा. कुणाला उठवायचं नाही.

हिशेबनीस: बरं, दाखल्याचा आग्रह सोडला. पण डबेवाल्यांच्या नावावर धान्य शिजू नये, हे तरी माना. आणि ‘कोण जेवणार’ असं विचारलं की पुन्हा तेच हात वर.

चुलीजवळची: हे बरोबर बोललात. विचारायचंच नाही. आल्या आल्या सगळ्यांचे डबे दाराजवळच्या फळीवर ठेवायला सांगा. हजेरीतून फळीवरचे डबे वजा करा, तेवढ्यांचे तांदूळ मोजा आणि मूठभर जास्त घ्या. डबा असूनही खिचडी मागणारं पोर रोज एखादं निघतंच.