वाईट गेलेल्या वर्षाचे आभार कसे मानायचे?

वहीवाली | २७ डिसेंबर, रात्री ११:४०

गेली अकरा वर्षं मी डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एका वहीत सरत्या वर्षाचं एक पान लिहिते. मधोमध उभी रेघ. डावीकडे ‘मिळालं’, उजवीकडे ‘हवंय’. बस, इतकंच. वही साधी, दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची. बाबांनी आणून दिलेली. आतल्या पानावर त्यांच्या वळणदार अक्षरात माझं नाव आहे.

या वर्षीचं पान कोरं आहे. चार रात्री झाल्या, रेघ मारून ठेवली आहे आणि पुढे हात चालत नाही.

जुलैमध्ये बाबांना स्ट्रोक आला. मेंदूच्या डाव्या बाजूला. उजवा हात आणि पाय लुळा पडला आणि वाचा गेली. वाचा गेली म्हणजे आवाज आहे, आमचं बोलणंही बरंचसं समजतं, पण शब्द सापडत नाही. याला अफेजिया म्हणतात. जुलैपर्यंत मी हा शब्द ऐकलाही नव्हता. पाणी हवं असलं की ते ‘किल्ली’ म्हणतात. चुकलं हे त्यांना लगेच कळतं, मग ते डोळे मिटून घेतात आणि काही वेळ उघडतच नाहीत. तीस वर्षं शाळेत भाषा शिकवलेला माणूस. माझं नाव तर जुलैपासून एकदाही त्यांच्या तोंडून आलेलं नाही.

भेटायला येणारे म्हणतात, “जीव वाचला, आभार मान.” मानते, अगदी मनापासून मानते. पण ‘मिळालं’च्या खाली काहीही लिहायला घेतलं की वाटतं, जे झालं ते मला मंजूर आहे अशी मी सही करतेय. उजवा रकाना त्याहून अवघड. गेल्या वर्षी तिथे मी लिहिलं होतं, ‘बाबांसोबत लांबचा प्रवास’. ती ओळ दिसली की पोटात कालवतं. आता काहीही मागायची भीती वाटते.

अशा वर्षी तुम्ही काय केलंत? आभार मानलेत का, आणि कशाचे? आशा धरायला मन धजत नाही तेव्हा काय करता? उपदेश नको, कृपा करून स्वतः केलेलं सांगा.

पैलतीर | २८ डिसेंबर, सकाळी ६:१५

माझी पत्नी गेली त्या वर्षी मी ना आभार मानले ना आशा धरली. “होतं ते चांगल्यासाठीच” असं कुणी म्हटलं की मी उठून आत जायचो. आजही त्या वाक्याशी माझं जमत नाही. झालं ते चांगल्यासाठी नव्हतं. एवढं स्वतःशी स्पष्ट म्हटल्यावरच मला थोडा श्वास घेता आला. तुम्हीही कुठलीही सही करू नका.

दुसरं, ३१ डिसेंबरची घाई करू नका. ही रेघ निसर्गाने आखलेली नाही. इंग्लंडमध्ये १७५१ सालापर्यंत कायद्याचं वर्ष २५ मार्चला सुरू होत असे, १७५२ पासून ते १ जानेवारीला सुरू होऊ लागलं. माणसांनी रेघ सरकवली आणि जग चालत राहिलं. माझं त्या वर्षाचं पान मी पुढच्या ऑगस्टमध्ये लिहिलं.

त्यात एकच ओळ होती. शेवटच्या आठवड्यात तिच्या चष्म्याची काच निखळली होती. आमचं कुणाचं लक्षच नव्हतं, औषधं आणि तपासण्या यांतच आम्ही बुडालो होतो. शेजारच्या मुलाने तो चष्मा न विचारता उचलून नेला आणि संध्याकाळी काच बसवून आणून दिला. शेवटचे पाच दिवस ती वाचू शकली. त्या मुलाला हे सांगायला मला आठ महिने लागले. त्याला आठवतही नव्हतं.

शिकतशिकवत | २८ डिसेंबर, दुपारी १:०५

मी मानसशास्त्र शिकवते. केलेलंच सांगा म्हणालात, ते शेवटी सांगते. आधी थोडं अभ्यासातलं, कारण तुमच्या ‘सही’च्या प्रश्नाला तिथे उत्तर आहे असं मला वाटतं.

कृतज्ञतेवरचा रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकक्लॉ यांचा २००३ सालचा शोधनिबंध प्रसिद्ध आहे. त्यातला विद्यार्थ्यांवरचा प्रयोग सगळे सांगतात: दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, ज्यांबद्दल आभारी वाटतं अशा पाचपर्यंत गोष्टी लिहायच्या. दुसऱ्या गटाने आठवड्यातल्या कटकटी लिहायच्या. पहिल्या गटाला आपलं आयुष्य एकंदरीत जास्त बरं वाटलं आणि येत्या आठवड्याबद्दल त्यांना भरवसाही जास्त होता. पण त्याच निबंधातल्या तिसऱ्या प्रयोगाचा उल्लेख फार कमी होतो. तो स्नायू आणि मज्जातंतूंचे आजार असलेल्या प्रौढांवर होता. एकवीस दिवस, रोज लिहायचं. त्यांचा आजार कुठे गेला नव्हता. तरीही लिहिणाऱ्यांची मनःस्थिती सुधारली, झोप बरी लागू लागली.

ती माणसं आजाराचे आभार मानत नव्हती. तुम्ही तुमच्या रकान्याला ‘झालं’ नाही, ‘मिळालं’ म्हणता. मला हा शब्द फार नेमका वाटतो. ‘झालं’च्या मागे कुणी नसतं. ‘मिळालं’ म्हटलं की देणारा आलाच. तुम्हाला वर्षाचे आभार मानायचेच नाहीत, त्या वर्षात ज्यांनी काही दिलं त्यांचे मानायचे आहेत. पैलतीर काकांच्या ओळीत वर्ष कुठेच नाही, एक मुलगा आणि एक काच आहे.

आशेबद्दलही. चार्ल्स स्नायडर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आशेची मांडणी केली तेव्हा नुसत्या इच्छेला आशा म्हटलं नाही. त्याच्या मते ध्येयाकडे जाणारी वाट दिसणं आणि त्या वाटेने चालू शकू असं वाटणं, ही दोन्ही मिळून आशा होते. ‘बाबा पुन्हा बोलू देत’ लिहिताना तुमचा हात थांबतो, कारण त्यात वाट नाही, नुसतं टोक आहे. टोक राहू द्या. वाटेचा पहिला तुकडा लिहा.

आता केलेलं. माझी नोकरी गेली त्या वर्षाच्या शेवटी मी माझ्या जुन्या ग्रंथपाल बाईंना पत्र लिहिलं. तीन वेळा फाडलं. वाटायचं, वीस वर्षांनी हे काय, त्या अवघडतील. पुढे २०१८ साली अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांचा अभ्यास वाचला आणि स्वतःला ओळखलं. आभाराचं पत्र लिहिणाऱ्यांना वाटत होतं की समोरचा अवघडेल आणि आपली शब्दरचना तोकडी पडेल. प्रत्यक्षात पत्र मिळालेल्यांना अंदाजापेक्षा कमी अवघडल्यासारखं झालं आणि आनंद मात्र अंदाजापेक्षा कितीतरी जास्त झाला. शब्द कसे आहेत यापेक्षा त्यातली ऊब त्यांना जाणवली. बाईंनी ते पत्र उशीखाली ठेवलं होतं, हे मला त्यांच्या मुलीने नंतर सांगितलं.

रातपाळी | २९ डिसेंबर, पहाटे ४:५०

मी अतिदक्षता विभागात नर्स आहे. आत्ता जरा शांत आहे म्हणून लिहिते.

ताई, आमच्याकडे माणूस त्याच्या आयुष्यातल्या सगळ्यात वाईट दिवसांत येतो. जरा सावरला की वॉर्डात जातो, तिथून घरी. पुढचं आम्हाला कळत नाही. ज्याची नळी मी रात्रभर जपली, ज्याचं अंग दर दोन तासांनी कूस बदलून सांभाळलं, तो पुढे चालला का, जेवला का, हसला का, काही माहीत नसतं. वाईट शेवट मात्र सगळे माहीत असतात, कारण ते आमच्यासमोरच होतात. त्यामुळे काही वर्षांनी असं वाटायला लागतं की इथून कुणी बरं होऊन जातच नाही.

दोन वर्षांपूर्वी एका बाईंनी चिठ्ठी पाठवली होती. चार ओळी. “माझा मुलगा काल जिना चढला. तुम्ही त्याला रात्री त्याच्या नावाने हाक मारून सांगायचात की आता सुई टोचतेय. तो बेशुद्ध असतानाही.” ती चिठ्ठी औषधांच्या कपाटाच्या दाराला आतून लावली आहे. आजही दार उघडलं की दिसते.

तुम्ही कुणाला लिहिणार असाल तर ‘तुमच्या सेवेबद्दल आभारी’ असं लिहू नका. त्या व्यक्तीने नक्की काय केलं ते लिहा. आणि बाबांचं आज कसं आहे तेही लिहा. फार सुधारणा नसली तरी चालेल. घरी आहेत, खिडकीपाशी बसतात, एवढंही आमच्यासाठी पुष्कळ आहे.

सूर_लावू | २९ डिसेंबर, रात्री ९:२०

माझ्या भावाला सहा वर्षांपूर्वी हाच त्रास झाला. अफेजियाच्या घरात राहिलेला माणूस म्हणून दोन गोष्टी सांगतो.

पहिली: बाबा शब्द शोधत असतील तेव्हा तो तुम्ही पुरवू नका. थांबा. मी मनात वीसपर्यंत मोजायचो. पहिले काही महिने सुधारणा भराभर होते, मग वेग मंदावतो आणि घरचे धीर सोडतात. पण ती थांबत नाही. माझ्या भावाला चौथ्या वर्षीही नवे शब्द सापडत होते.

दुसरी गोष्ट आम्हाला स्पीच थेरपिस्टनी दाखवली तेव्हा मी थक्क झालो. स्वतः शब्द शोधून बोलणं आणि पाठ असलेलं ओघात म्हणणं ही मेंदूसाठी सारखी कामं नाहीत. ज्याला ‘पाणी’ म्हणता येत नाही त्याला कित्येकदा एक ते दहा आकडे म्हणता येतात, वार म्हणता येतात, जुनं गाणं शब्दांसकट गाता येतं. सगळ्यांना जमतंच असं नाही, आणि तुमच्या थेरपिस्टना विचारूनच करा. पण बाबांसोबत बसून वार म्हणून बघा. सुरुवात तुम्ही करा, ‘सोमवार’ म्हणा आणि थांबा.

भाऊ पहिल्यांदा ‘मंगळवार’ म्हणाला तेव्हा आम्ही दोघं रडलो होतो.

वहीवाली | १ जानेवारी, सकाळी ८:३०

तुम्हा सगळ्यांचे प्रतिसाद मी बाबांना वाचून दाखवले. चष्म्याच्या काचेपाशी त्यांनी डावा हात वर केला, म्हणजे पुन्हा वाच. पुन्हा वाचलं.

३० तारखेला रात्री पान उघडलं. शिकतशिकवत, तुमचं ‘देणारा आलाच’ डोक्यात होतं. मग एकदम आठवलं. बाबा आयसीयूत होते तेव्हा त्यांचा डावा हात सारखा छातीवर काहीतरी चाचपायचा. आम्हाला वाटलं वायरी ओढतायत. एका रात्री ड्युटीवरच्या नर्सने मला विचारलं, “खिशाला पेन लावायचे का हे?” लावायचे. तीस वर्षं, रोज. दवाखान्याच्या त्या सदऱ्याला खिसाच नव्हता. तिने स्वतःचं निळं पेन काढलं आणि चिकटपट्टीचे दोन तुकडे आडवे लावून सदऱ्यावर, बरोबर खिशाच्या जागी चिकटवलं. बाबांचा हात तिथे गेला, पेनाच्या टोपणावर थांबला, आणि त्या रात्री ते पहिल्यांदा शांत झोपले. दुसऱ्या दिवशी आम्ही वॉर्डात आलो. पेन तसंच बाबांबरोबर आलं. ते अजून घरात आहे आणि मी एकदाही तिचे आभार मानलेले नाहीत.

डाव्या रकान्यात लिहिलं: ‘एक निळं पेन, चिकटपट्टीसकट.’ मग बाकीचे आले. पहिल्या रात्री स्वतःहून माझ्या मुलीला घरी घेऊन गेलेली मैत्रीण. बाबांना डाव्या हाताने शर्टाचं बटण लावायला शिकवताना एकदाही घड्याळाकडे न पाहिलेला फिजिओथेरपिस्ट. बाबांशी दर रविवारी फोनवर एकटेच वीस मिनिटं बोलणारे त्यांचे मित्र, पलीकडून उत्तर येत नाही हे माहीत असून. रकाना कमी पडला, मागच्या पानावर गेले.

नर्सला पत्र लिहिलं. रातपाळी, तुम्ही सांगितलंत तसं, पेनाचं आणि बाबा आज कसे आहेत त्याचं. पाकिटावर तिच्या विभागाचं नाव घातलं आहे. तिचं नाव मला माहीत नाही, म्हणून आत तारीख लिहिली आहे आणि ‘निळ्या पेनवाल्या सिस्टर’ असं लिहिलं आहे. उद्या स्वतः देऊन येईन.

उजव्या रकान्यात सध्या एकच ओळ आहे: ‘रोज संध्याकाळी वीस मिनिटं, बाबांशेजारी, घाई न करता.’ काकांनी रेघ सरकवायची मुभा दिली आहे, तर बाकीची जागा मोकळी ठेवतेय.

सूर_लावू, तुमचं सांगायचं राहिलं. थेरपिस्टना फोन करून विचारलं, त्या म्हणाल्या जरूर करा. वार सुरू केले. ‘सोमवार’ म्हणून थांबले. बराच वेळ काही नाही. मी मनात मोजत होते, सतरावर असताना ते ‘मंगळवार’ म्हणाले. मग शनिवारपर्यंत गेले, ‘रविवार’पाशी अडखळले आणि खुदकन हसले. जुलैनंतर पहिल्यांदाच.

काल रात्री मी भिंतीवरचं जुनं कॅलेंडर काढत होते. बाबा खुर्चीत होते. मला वाटलं महिने म्हणून बघू. ‘जानेवारी’ म्हटलं. फेब्रुवारी त्यांनी उचलला. मार्च, एप्रिल, मे सलग. जुलैपाशी आवाज बारीक झाला, मला वाटलं आता थांबतील. थांबले नाहीत. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर. मी टाळी वाजवायला हात वर केले होते. त्यांनी डाव्या हाताने मला थांबवलं, म्हणजे संपलं नाही अजून. श्वास घेतला. माझ्याकडे बघून म्हणाले, “जानेवारी.”