बावधन-भूगावला रिसेल फ्लॅट बघतोय, टेकडीकडेला राहणाऱ्यांनी जरा खरं खरं सांगा

पेठेतला_पाहुणा:
नमस्कार मंडळी. आम्ही पिढ्यान्पिढ्या पुण्याच्या नारायण पेठेत, आता वाडा डेव्हलपमेंटला गेलाय आणि आम्हाला बाहेर कुठेतरी कायमचंच घर घ्यायचं आहे. आई ६९, बाबा ७४, त्यांचे गुडघे दुखतात. बायकोचं ऑफिस हिंजवडीला, माझं कॅम्पात, मुलगी दुसरीत. बायकोला टेकडी हवीय, तिचं लहानपण कोकणात गेलं त्यामुळे खिडकीतून हिरवं दिसलं की ती दुसरं काही बघतच नाही. तीन फ्लॅट मनात आहेत, एक बावधन खुर्द, एक बावधन बुद्रुकला अगदी वर चढावर आणि एक भूगावला. भूगावचा सगळ्यात मोठा आणि स्वस्त. पाणी, येणंजाणं, म्हाताऱ्या माणसांचं कसं होतं तिकडे, आणि एकूण माणसं कशी आहेत, हे कृपया सांगा. एजंटकडून सगळं छानच ऐकू येतंय.

चढउतार:
अकरा वर्षं बावधनला आहे. पहिली गोष्ट म्हणजे बावधन हे एकच गाव समजू नका. खुर्द बऱ्याच आधीपासून महापालिकेत आहे, बुद्रुक आलं ३० जून २०२१ ला, ती २३ गावं एकदम घेतली तेव्हा. भूगाव अजून ग्रामपंचायत, तालुका मुळशी, बांधकामाची परवानगी पीएमआरडीएची, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची. त्यात बावधन पोलीस ठाणं पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात, म्हणजे टॅक्स पुण्याला आणि तक्रार पिंपरी-चिंचवडला असं होतं. नवीन माणसाला हे कळायला सहा महिने जातात तोवर तो चुकीच्या ऑफिसात हेलपाटे घालतो.

पाण्याचं विचारताना "कॉर्पोरेशनचं पाणी येतं का" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. सोसायटीच्या सेक्रेटरीकडे मार्च ते जून या चार महिन्यांची टँकरची बिलं मागा, मागच्या दोन वर्षांची. दाखवली तर आकडा बघून मेंटेनन्सचं गणित करा. टाळाटाळ केली तर तेही उत्तरच आहे. आमच्या आधीच्या सोसायटीत बिल्डरने "पाण्याची सोय आहे" एवढंच सांगितलं होतं, सोय म्हणजे एक बोअर जी पहिल्याच एप्रिलात आटली, आणि मग पहाटे साडेपाचला टँकरचा पाईप टाकीत पडल्याचा आवाज हाच आमचा अलार्म. नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही, पण तुम्ही बिलं बघितल्याशिवाय टोकन देऊ नका ही हात जोडून विनंती.

हिंजवडी_शिफ्ट:
ट्रॅव्हलचं सांगतो. चांदणी चौक आता खरंच सुधारलाय, २ ऑक्टोबर २०२२ ला मध्यरात्री जुना पूल स्फोटाने पाडला आणि १२ ऑगस्ट २०२३ ला नवीन सगळं चालू झालं. त्याआधी आम्ही तिथे पाऊण पाऊण तास काढलेत. फक्त नवीन माणूस हमखास चुकीच्या रॅम्पला लागतो, चार-पाच वेळा दिवसा जाऊन पाठ करून ठेवा. चौक सुटला म्हणून हिंजवडी सुटली असं मात्र नाही, गर्दी पुढे वाकडला भेटतेच. सूस-नांदे-माण असा मागून रस्ता आहे, मी तोच वापरतो, पावसाळ्यात खड्डे बघून जायचं. भूगावहून पिरंगुट-घोटवडे-माण पण आहे.

तुम्ही कॅम्पात जाणार तर वनाझहून मेट्रो धरा, तिथपर्यंत टू-व्हीलर. चांदणी चौकापर्यंतच्या मेट्रोला जून २०२५ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली आहे पण मंजुरीवर बसून रोज ऑफिसला जाता येत नाही, ती नाही असं धरूनच घर निवडा. आणि भूगावचा रस्ता एकदा रविवारी संध्याकाळी बघा, मुळशी-ताम्हिणीहून परतणाऱ्या गाड्या गावातून हलत नाहीत.

दगडमाती:
मी साईटवर काम करतो, चढावरच्या बिल्डिंग उभ्या राहताना रोज बघतो म्हणून थोडं सविस्तर लिहितोय, विशेषतः तुमच्या त्या बुद्रुकच्या फ्लॅटसाठी.

आपल्या टेकड्या बेसाल्टच्या, थरावर थर. वरचा पाऊस या थरांच्या भेगांतून उतरतो आणि जिथे वाट सापडेल तिथे बाहेर येतो, राम नदीच्या काठचे झरे असेच आहेत. आता पार्किंगसाठी डोंगर आडवा कापला की ती पाण्याची वाटही कापली जाते, आणि ते पाणी तुमच्या भिंतीमागे येऊन उभं राहतं. म्हणून बिल्डिंगच्या मागे जा. लॉबी, जिम, टाइल्स नंतर बघा, आधी मागची रिटेनिंग वॉल बघा. तिच्यात ओळीने छोटे पाईप दिसले पाहिजेत, आम्ही त्यांना वीप होल म्हणतो. भर पावसात त्यातून पाणी ठिबकत असेल तर भिंत आपलं काम करतेय, घाबरू नका, ठिबकलंच पाहिजे. पाणी गढूळ यायला लागलं तर मात्र मागची माती वाहून चाललीय. आणि सगळ्यात वाईट म्हणजे जिथे सुशोभीकरण म्हणून भिंतीला प्लास्टर करून ती भोकं लिंपून टाकलेली असतात. पाण्याला जागा दिली नाही तर ते भिंत ढकलतं. मी एका ठिकाणी अशी भिंत पोट काढून उभी असलेली पाहिली आहे, वर मुलांची घसरगुंडी होती, त्या रात्री मला झोप लागली नाही. चार दिवस मागे लागून भोकं मोकळी करून घेतली.

खालच्या पार्किंगमध्ये कोपऱ्यात पंप असेल तर वॉचमनला विचारा, जुलैत दिवसातून किती वेळा चालतो आणि लाईट गेल्यावर जनरेटर त्याला जोडलाय का. वॉचमन खरं सांगतात. जमलं तर सौदा पावसाळ्यात करा.

मुळशीकर:
भूगावचा आहे, इथलाच. आधी एक सांगतो, बगाडाच्या जत्रेचं बावधन ते वाईचं, आमच्या शेजारचं नव्हे, पाहुणे दरवर्षी विचारतात.

माणसं कशी विचारलंत म्हणून लिहितो. आमच्याकडे तालमीचा नाद आहे, २०१७ ची महाराष्ट्र केसरी भूगावला झाली तेव्हा घराघरात पैलवान उतरलेले, आमच्याकडे सात जण होते, आई चार दिवस चुलीपुढून उठली नाही आणि अजून त्याबद्दल आनंदाने बोलते. सोसायटीतली मंडळी गावात मिसळत नाहीत ही तक्रार आहे माझी. गेटमधून गाडी बाहेर काढायची आणि गेटमध्ये आत घालायची. जत्रेला या, काकड आरतीला या, तळ्यावर या, कोणी परकं म्हणणार नाही. पेठेतल्या माणसांना तर शेजार लागतोच, तुमच्या बाबांना देवळाच्या पारावर दोन दिवसांत दोस्त मिळतील.

ज्याला तुम्ही लोक नाला म्हणता ती राम नदी आहे, आमच्या खाटपेवाडीकडे उगम पावते, बावधनमधून पाषाण तलावात जाते आणि पुढे मुळेला मिळते. माझ्या आजोबांनी तिचं पाणी प्यायलंय. ४ ऑक्टोबर २०१० च्या रात्री हीच नदी पाषाणच्या बाजूला घरांत घुसली होती, कारण तिची जागाच ठेवली नव्हती. तेव्हा काठावरचा फ्लॅट असेल तर उन्हाळ्यातलं कोरडं पात्र बघून फसू नका, गावातल्या म्हाताऱ्याला विचारा पाणी कुठवर यायचं, तो काठीने दाखवेल.

काठीवाली_सून:
सासूबाई-सासऱ्यांना घेऊन सहा वर्षांपूर्वी शनिवार पेठेतून बावधनला आले, त्यामुळे तुमचा प्रश्न वाचून लगेच लॉगिन केलं. चढ तरुणांना दिसतच नाही हो. गाडीतून फ्लॅट बघायला गेलात तर तुम्हालाही दिसणार नाही. बाबांना घेऊन जा, गेटपासून सगळ्यात जवळच्या मेडिकलपर्यंत चालत जा आणि सामान घेऊन परत चालत या, बस. आमचे सासरे पेठेत रोज तीन चकरा मारायचे, पेपर, भाजी, देऊळ. इथे पहिल्या वर्षी चढामुळे बाहेरच पडेनात, गॅलरीत बसून समोरची टेकडी बघायचे आणि म्हणायचे, छान आहे पण बोलत नाही. मला ते फार लागलं. शेवटी आम्ही त्याच भागात खाली सपाटीवर भाड्याने गेलो, टेकडी आता गॅलरीतून अर्धीच दिसते पण ते रोज बाहेर पडतात, ज्येष्ठ नागरिक संघात जातात, त्यांचा आवाज परत मोठा झालाय.

थंडीचंही बघा, रात्री गार हवा उतारावरून खाली उतरते आणि सखल भागात साचते, जानेवारीत पहाटे पाषाणच्या बाजूला धुकं बसलेलं दिसतं. दमा असेल तर लक्षात ठेवा.

पळसफूल:
वहिनींना टेकडी हवीय हे वाचून बरं वाटलं, मग टेकडीच्या बाजूने मी लिहिते.

हा हिरवा भाग आपोआप राहिलेला नाही. एनडीएच्या, म्हणजे लष्कराच्या प्रबोधिनीच्या, हद्दीमुळे एक बाजू वाचली, आणि १९९७ ला महापालिकेत आलेल्या गावांतल्या टेकड्यांवर बीडीपीचं आरक्षण, म्हणजे जैवविविधता उद्यान, यासाठी लोक वर्षानुवर्षं भांडले म्हणून दुसरी. तेव्हा "समोर कधीच काही होणार नाही" असं एजंट म्हणाला तर समोरचा सर्व्हे नंबर घ्या आणि झोन दाखला काढून बघा बीडीपी आहे की निवासी. आणि बीडीपीत गुंठा-दोन गुंठे नोटरीवर विकणारे भेटतील, त्यांच्याकडे चुकूनही जाऊ नका, पैसेही जातात आणि टेकडीही.

फेब्रुवारीत वर गेलात तर पळस आणि काटेसावर फुललेली असते, पहिल्या पावसानंतर मोरांचे आवाज घरात येतात. वनखात्याने लावलेली गिरिपुष्पं आहेत पुष्कळ, त्यांच्याखाली दुसरं फारसं उगवत नाही पण मार्चमध्ये ती फुलतात तेव्हा रागावताही येत नाही. बिबट्याची चर्चा व्हॉट्सअपवर दर दोन महिन्यांनी होते, कचरा आणि भटकी कुत्री आवरली तर त्याला खाली यायचं कारण उरत नाही. २०२० च्या डिसेंबरात कोथरूडला रानगवा आला, लोक मागे धावले आणि तो बिचारा मेला. पंधरा दिवसांतच बावधनला दुसरा आला, त्या वेळी गर्दी लांब ठेवली आणि तो माघारी जंगलात गेला. इथे राहायचं तर एवढं शिकावं लागतं, लांब उभं राहायला.

उन्हाळ्यात वणवे लागतात, सुकलेलं गवत कोणीतरी पेटवून देतं. आम्ही पंधरा-वीस जण हिरव्या फांद्या घेऊन झोडपून विझवतो. वहिनींना सांगा, जागा आहे.

पेठेतला_पाहुणा:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल तिन्ही फ्लॅट बघून आलो, बाबांना घेऊन.

बुद्रुकच्या बिल्डिंगमागे गेलो, भिंतीला पाईप होते पण अर्ध्या भागावर ताजं प्लास्टर आणि वर बांबूचं चित्र रंगवलेलं. दगडमाती यांची पोस्ट सेक्रेटरींना फोनवर वाचून दाखवली, त्यांनी इंजिनिअर बोलावतो म्हणून कबूल केलंय, आम्ही तो फ्लॅट सोडला तरी हे काम होईपर्यंत मी फोन करत राहणार आहे. भूगावला बाबा देवळाच्या पारावर बसले आणि पाऊण तास उठेनात, पण परत येताना तो रविवारचा रस्ता बघितला, बायकोला रोज ते जमणार नाही.

खुर्दच्या फ्लॅटला चढ कमी आहे. मेडिकलपर्यंत बाबा गेले, येताना एकदा कट्ट्यावर टेकले आणि म्हणाले, इथे बसायला जागा आहे, चालेल. टेकडी फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसते, बायको तिथेच उभी होती. टँकरची बिलं सोमवारी देतो म्हणालेत. मिळाली की इथे आकडे टाकतो, चढउतार, जरा बघून सांगाल का?

चढउतार:
टाका. दोन्ही वर्षांची टाका.