घड्याळात दिसणाऱ्या रक्तदाबावरून गोळी कमी करावी का?

प्रश्न : कृष्णाकाठ, सांगली

नमस्कार. माझे सासरे ७१ वर्षांचे असून बऱ्याच वर्षांपासून रक्तदाबाची गोळी घेतात. घरात आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. दिवाळीला पुण्याहून आलेल्या धाकट्या दिरांनी त्यांना एक स्मार्टवॉच आणून दिले. तेव्हापासून सकाळी आमराईत फिरून झाले की अण्णा घड्याळात बीपी बघतात आणि ते जवळजवळ नेहमीच ११८/७६ च्या आसपास असते. त्यांच्याबरोबर फिरणाऱ्या आणखी काही जणांकडे अशी घड्याळे आहेत, त्यामुळे बाकावर बसून एकमेकांचे आकडे ताडून पाहणे रोजचेच झाले आहे. आता अण्णांचे म्हणणे असे, की बीपी इतके चांगले राहत असेल तर गोळी निम्मी करायला काय हरकत आहे? डॉक्टरांकडे जायला अजून अवकाश आहे आणि एवढ्याशा गोष्टीसाठी मुद्दाम जायला ते तयार नाहीत.

दुसरी अडचण रात्रीची आहे. मागच्या आठवड्यात पहाटे घड्याळाने ऑक्सिजन ८८ दाखवला, सासूबाई घाबरल्या आणि सगळे घर जागे झाले. अण्णांना धाप लागलेली नव्हती. त्यांना उठवून बसवल्यावर थोड्या वेळाने तेच घड्याळ ९७ दाखवू लागले. घड्याळ काढून ठेवा असे मला म्हणवत नाही, कारण त्यामुळे त्यांचे चालणे वाढले आहे आणि त्यांना त्यात मनापासून रस वाटतो. कोणत्या आकड्यावर विसंबावे आणि कोणत्यावर नाही, हे त्यांना पटेल असे कसे सांगावे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : निवृत्त ईसीजी तंत्रज्ञ, मिरज

ताई, सर्वांत आधी एक विनंती करतो, की डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी निम्मी होऊ देऊ नका. रक्तदाबाच्या काही गोळ्या एकाएकी कमी केल्या, तर दाब उसळून वर जातो. शिवाय बीपी खरोखरच चांगले असेल, तर ते त्या गोळीमुळेच चांगले असण्याची शक्यता अधिक आहे.

अण्णांना पटवायचे असेल तर घड्याळ नेमके काय करते ते दाखवा. मनगटावरून काढून ते उलटे धरले की मागे हिरवा दिवा लुकलुकताना दिसेल. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेते. प्रत्येक ठोक्याबरोबर मनगटाच्या बारीक रक्तवाहिन्यांत रक्त वाढते, त्या क्षणी परत येणारा प्रकाश किंचित कमी होतो आणि हा चढउतार मोजून घड्याळ ठोके सांगते. माणूस स्वस्थ बसलेला असेल आणि पट्टा नीट बसला असेल, तर ठोक्यांचा हा आकडा बराचसा भरवशाचा असतो. रक्तदाबाची गोष्ट वेगळी आहे. दंडाला बांधायच्या यंत्रात पट्टा फुगून रोहिणी दाबली जाते, मग हवा सोडताना पट्ट्यात उमटणारी कंपने यंत्र टिपते. म्हणजे तिथे दाबाला दाबानेच मोजलेले असते. बहुतेक घड्याळांत दाबणारे असे काहीच नसते. नाडीच्या लहरीच्या आकारावरून, आणि कित्येकदा आपणच भरलेल्या वय-वजनावरून, आकडेमोड करून बीपीचा अंदाज बांधला जातो. आयर्विन पुलाजवळची मोजपट्टी न पाहता नुसत्या पाण्याच्या आवाजावरून कृष्णा किती फुटांवर आहे हे सांगण्यासारखाच हा प्रकार आहे, आणि पुराच्या दिवसांत सांगलीत कोणीही तसल्या अंदाजावर घर सोडायचे की थांबायचे हे ठरवत नाही. काही कंपन्यांची घड्याळे दंडाच्या यंत्राशी ठरावीक दिवसांनी जुळवून घ्यावी लागतात. त्यांची पद्धत थोडी बरी आहे, पण औषधाचा निर्णय त्यांच्यावरही सोपवू नये.

म्हणून दंडाचे स्वयंचलित यंत्र घ्या, आणि त्याचा पट्टा अण्णांच्या दंडाच्या घेराला योग्य आहे ना, हे दुकानातच पाहून घ्या; पट्टा लहान पडला तर बीपी जास्त दिसते. मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू किंवा व्यायाम नको. आमराईतून आल्या आल्या मोजणे तर अजिबात नको, कारण चालून झाल्यानंतर दाब काही काळ खाली असू शकतो आणि त्यांना रोज दिसणारा चांगला आकडा त्या वेळेचाही परिणाम असू शकेल. पाठ टेकवून, पाय जमिनीवर ठेवून, दंड हृदयाच्या उंचीवर येईल असा हात टेबलावर ठेवून पाच मिनिटे न बोलता बसावे आणि मग एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे. आठवडाभर सकाळी गोळीच्या आधी आणि संध्याकाळी असे आकडे वहीत लिहा व ती वही डॉक्टरांना दाखवा. घरी मोजलेल्या बीपीची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त आली तर ती वाढलेली समजतात. सरासरी खरोखरच कमी आली, तर गोळी कमी करण्याचा विचार डॉक्टर स्वतःच करतील, त्यामुळे अण्णांनाही आपले म्हणणे कोणी ऐकले नाही असे वाटणार नाही.

ऑक्सिजनसाठी घड्याळ लाल आणि अवरक्त प्रकाश वापरते. झोपेत हात अंगाखाली दबला, पट्टा सैल झाला किंवा हात गार पडला तरी आकडा घसरतो. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घरी असू द्या आणि शंका आली की हात ऊबदार करून त्यावर तपासा. बोटावरही आकडा कमीच येत असेल, किंवा धाप, छातीत दुखणे, ओठ निळसर पडणे असे काही दिसले, तर मात्र थांबू नका. अण्णा मोठ्याने घोरत असतील, झोपेत मध्येच श्वास अडकल्यासारखा होत असेल, तर तेही डॉक्टरांना अवश्य सांगा, कारण तशा झोपेत ऑक्सिजन खरोखर खाली जातो.

उत्तर : यवतेश्वर घाट, सातारा

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. आम्ही सातारा हिल मॅरेथॉनच्या सरावासाठी यवतेश्वरचा घाट चढतो, त्यामुळे ठोक्यांच्या आकड्याविषयी एक गोष्ट सांगावीशी वाटते. पळताना किंवा भराभर चालताना हात ज्या लयीत हलतो, ती लयच घड्याळ कधी कधी ठोके म्हणून मोजते. आमच्यापैकी बरेच जण म्हणून छातीवरचा पट्टा वापरतात. तो हृदयाचे विद्युत संकेत घेतो. चालताना दिसणाऱ्या मोठ्या आकड्याने अण्णांनी लगेच घाबरू नये, थांबून नाडीवर बोट ठेवून पाहावे. ठोक्यांची कमाल मर्यादा काढण्यासाठी २२० मधून वय वजा करण्याचे सूत्रही त्यांनी फारसे मनावर घेऊ नये. रक्तदाबाच्या काही गोळ्या, विशेषतः बीटा ब्लॉकर, ठोके मुद्दाम कमी ठेवतात आणि त्या घेणाऱ्याला हे सूत्र लागू पडत नाही.

आमराईतली मंडळी दहा हजार पावलांसाठी चढाओढ करत असतील, तर त्यांना हेही कळू द्या, की हा आकडा वैद्यकशास्त्रातून आलेला नाही. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विक्रीला आलेल्या एका पावले मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून तो रूढ झाला. २०१९ मध्ये अमेरिकेतील वयस्क स्त्रियांचा जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात रोज सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्यांतही मृत्यूचे प्रमाण २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा कमी आढळले आणि साडेसात हजारांच्या पुढे फायदा फारसा वाढला नाही. तो अभ्यास स्त्रियांचा असला, तरी गुडघे दुखत असताना आकडा पुरा करण्यासाठी संध्याकाळी पुन्हा बाहेर पडण्याची सक्ती अण्णांनी स्वतःवर करू नये.

प्रश्नकर्ती : कृष्णाकाठ, सांगली

दोघांचे मनापासून आभार. दंडाचे यंत्र आजच मागवते. अण्णांच्या एका मित्राला मधुमेह आहे आणि सुई न टोचता साखर दाखवणारे घड्याळ घ्यावे असे त्यांच्या मनात आहे. त्याविषयी काय सांगावे? आणि मग या घड्याळाचा प्रकृतीसाठी खरा उपयोग तरी कोणता?

उत्तर : वाळवा तालुका

ताई, ते घड्याळ त्यांना घेऊ देऊ नका. त्वचेला न टोचता साखर मोजण्याचा दावा करणारी घड्याळे आणि अंगठ्या वापरू नयेत, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला आहे. तसे एकही उपकरण त्यांनी तोपर्यंत मंजूर केलेले नव्हते. चुकीच्या आकड्यावर इन्सुलिन घेतले तर साखर धोकादायक इतकी खाली जाऊ शकते. मी स्वतः दंडावर सेन्सर लावतो. त्याची बारीक तार त्वचेखाली असते आणि ती रक्तातली नव्हे तर पेशींच्या अवतीभवतीच्या द्रवातली साखर मोजते, म्हणून जेवणानंतर किंवा चालताना तिचा आकडा रक्ताच्या काही मिनिटे मागे राहतो. घाम फुटला, हात थरथरले आणि सेन्सरचा आकडा मात्र चांगला दिसला, तर मी बोट टोचून तपासतो.

घड्याळाचा खरा उपयोग मला अनियमित नाडीच्या सूचनेत दिसतो. एट्रियल फिब्रिलेशन या विकारात हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडते, तिथे रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात आणि त्यातून पक्षाघात ओढवतो. पुष्कळांना आधी काहीच जाणवत नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ॲपल हार्ट स्टडीत ४ लाख १९ हजारांहून अधिक लोक होते. त्यांतल्या जेमतेम अर्ध्या टक्क्याला अशी सूचना आली, आणि ज्यांनी नंतर छातीवर ईसीजीची पट्टी लावून ती परत पाठवली, त्यांच्यापैकी ३४ टक्क्यांत हा विकार नोंदला गेला. बाकीच्यांची सूचना खोटीच होती असे यातून ठरत नाही, कारण ही लय येते आणि जाते. अण्णांच्या घड्याळात ही सोय आहे का ते पाहा. तशी सूचना आली तर ती पुसून टाकू नका, तिचा फोटो काढून ठेवा आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जाऊन बारा लीडचा ईसीजी काढून घ्या. गरज वाटल्यास ते चोवीस तासांचा होल्टर, म्हणजे सतत ईसीजी नोंदवणारे अंगावरचे छोटे यंत्र, लावायला सांगतील. हात किंवा पाय लुळा पडणे, तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे यांतले काहीही दिसले, तर घड्याळाकडे न बघता १०८ ला फोन करा.