टॅटूवर फोड आलेत, कोणतं मलम लावू? लवकर सांगा

शापोराकाठ:
हातावर टॅटू काढलाय, त्यावर बारीक फोड आलेत. म्हापशाच्या फार्मसीतून ट्यूब आणून पाच दिवस लावली. आधी बरं वाटलं, आता जास्तच वाढलंय. मलमाचं नेमकं नाव सांगा. डॉक्टर टॅटू खराब करतील अशी भीती वाटते. चवथीला घरी जायचंय, त्याआधी बरं व्हायला हवं.

मांडवीपार:
कधी काढला? ताप आहे? पू येतो? ट्यूब कसली? काहीच न सांगता मलम कसं सुचवणार?

दवर्लीची:
मला झालं होतं रे बाबा. कडुलिंबाचा पाला उकळून त्या पाण्यानं धुतलं, वर खोबरेल तेलात हळद. आठवड्यात साफ. औषधांच्या मागे लागू नकोस.

परिचारिका_फोंडा:
ताई, ताज्या टॅटूवर स्वयंपाकघरातली हळद नको. डब्यातली हळद निर्जंतुक नसते. तुमचं आठवड्यात गेलं म्हणजे ती बहुधा खपली धरतानाची खाज असेल.

दवर्लीची:
माझ्या आजीच्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत गोंदण होतं, तेही काजळीचं. तिला कुठं काय झालं?

मांडवीपार:
आणि ज्यांना झालं, त्यांची नोंद कोणी ठेवली?

कुळागर:
गोंदणाचा विषय निघालाय म्हणून लिहितो. आमच्या वाड्यावर कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण असलेल्या दोनच म्हाताऱ्या उरल्यात. त्यांचे फोटो आणि आठवणी कोणीतरी आताच जपून ठेवायला हव्यात.

शापोराकाठ:
कृपा करून विषयावर या. १९ दिवस झाले. ताप नाही, पू नाही. ट्यूब स्टेरॉइडवाली आहे. हणजुणला काढला, लाटा आणि मासा. सुई नवीन होती, पाकीट माझ्यासमोर फोडलं. तिसऱ्या दिवशी वागातोरला समुद्रात पोहलो.

खारवी:
मग समुद्राचंच आहे! खाऱ्या पाण्यानं जखम भरते असं आपल्याकडे सर्रास सांगतात, पण ताज्या टॅटूला ते पाणी लागू देऊ नये. कोमट समुद्रात विब्रियो जातीचे जंतू असतात. यकृताचा आजार असेल तर जीवावर बेततं.

परिचारिका_फोंडा:
पोहायला नकोच होतं, हे खरं. पण विब्रियो असता तर एक-दोन दिवसांतच हात सुजून ठणकला असता, तापही आला असता. मला सांगा, फोड नेमके कुठं आहेत? रेषांवर, लाल रंगात की राखाडी छटेत?

शापोराकाठ:
आता उजेडात नीट बघितलं. फक्त लाटांच्या राखाडी छटेत आहेत. काळ्या रेषा आणि लाल मासा साफ आहे. छटेसाठी त्यानं काळ्या शाईत बाटलीतलं पाणी घातलं होतं.

परिचारिका_फोंडा:
हेच आधी कळायला हवं होतं. लाल भागच उठला असता तर रंगाची ॲलर्जी वाटली असती. फक्त पातळ केलेल्या शाईत दोन-तीन आठवड्यांनी फोड आले, तर पाण्यातल्या मायकोबॅक्टेरियाचा संशय घ्यावा. हे क्षयरोगाच्या जंतूचे दूरचे भाऊबंद. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरमध्ये २०११ साली एकाच कलाकाराकडून टॅटू काढलेल्या १९ जणांना हा संसर्ग झाला होता, आधीच पातळ करून विकलेल्या राखाडी शाईतून. सुई कितीही नवी असली तरी शाईच दूषित असेल तर उपयोग नाही.
ट्यूब पुन्हा लावू नका. स्टेरॉइडनं लाली तात्पुरती दबते आणि जंतूला मोकळं रान मिळतं. त्वचारोग विभागात जा आणि शाईत पाणी घातलं होतं हे आपणहून सांगा. साध्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, हा जंतू सहसा सापडत नाही, त्याचं कल्चर वेगळं सांगून करावं लागतं. औषधं काही महिने घ्यावी लागू शकतात, त्यामुळे चवथीचा हिशेब धरू नका. लाली पसरली किंवा हुडहुडी भरली तर त्याच दिवशी कॅज्युअल्टी गाठा.

सत्तरीकर:
टॅटूनंतर रक्तदान चालतं का?

मांडवीपार:
वर्षभर थांबावं लागतं. पण त्यासाठी वेगळा धागा काढा.

शापोराकाठ:
आज बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात दाखवून आलो. फोडाचा छोटा तुकडा तपासायला घेतला, एकच टाका पडला. अहवालाला काही आठवडे लागतील. टॅटूवाल्याला फोन करून ती शाई वापरू नकोस म्हणून सांगितलं. त्या दिवशी त्याच शाईनं आणखी तिघांनी काढून घेतलंय. त्यांचे नंबर घेतले, दोघांना कळवलं. तिसरी मुलगी पुण्याची आहे, तिचा फोन लागत नाहीये. संध्याकाळी परत करतो.