आत्मसाक्षात्कार, जागृती की बोध?

प्रश्न (रामबाग, इंदूर)

आमच्याकडे बागेत सकाळी योगवर्ग भरतो. निम्मी मंडळी साठीपुढची मराठी. बाकीची त्यांची नातवंडं, घरी मराठी बोलणारी पण शाळा-कॉलेज हिंदीत झालेली. वर्गासाठी चार पानांची मराठी पुस्तिका लिहायचं काम माझ्याकडे आलंय. हाताशी जे हिंदी पत्रक आहे त्याचं पहिलंच वाक्य 'योग से आत्मसाक्षात्कार प्राप्त करें' असं आहे. इथल्या पोरांना साक्षात्कार म्हटलं की आधी नोकरीची मुलाखत आठवते. वर्गातली दोघं भंवरकुआँला पीएससीचे क्लास करतात. लोकसेवा आयोगाचं ऑफिस इंदुरातच, आणि त्या परीक्षेचा शेवटचा टप्पा म्हणजे 'साक्षात्कार'. 'आध्यात्मिक जागृती' लिहावं तर ते अलीकडच्या भाषणांतलं वाटतं. शब्द सोपा हवा, पण अर्थाला धक्का लागायला नको. काय लिहू?

उत्तर

ताई, साक्षात्कार सोडू नका, पोरांना समजावून द्या. 'साक्षात्' म्हणजे डोळ्यांदेखत, मध्ये कोणी नाही असं. विद्यारण्यांच्या पंचदशी या वेदान्तग्रंथात याची फार नेमकी फोड आहे: 'ब्रह्म आहे' एवढंच कळलं तर ते परोक्ष ज्ञान, 'मीच ब्रह्म आहे' असं कळलं तर त्याला साक्षात्कार म्हणायचं. म्हणजे ऐकलेलं, वाचलेलं, गुरूंनी सांगितलेलं सगळं कितीही खरं असलं तरी ते परोक्षच. हा भेद वेदान्ताचा कणा आहे आणि तो पेलणारा शब्द आपल्याकडे आयता आहे. आणि मराठीत मुलाखतीला 'मुलाखत' असताना आपला शब्द आपण का टाकून द्यायचा?

उत्तर

'जागृती'बद्दल ताईंना जे खटकलं त्याला आधार आहे. वेदान्तात जागृती ही अवस्थांमधली पहिली: जागृती, स्वप्न, सुषुप्ती म्हणजे गाढ झोप, आणि या तिन्हींपलीकडची चौथी तुर्या. मांडूक्य उपनिषद जागेपणीच्या अवस्थेला 'बहिष्प्रज्ञ' म्हणतं, म्हणजे जिची जाणीव बाहेरच्या वस्तूंकडे वळलेली आहे. बाजारात भाजी घेताना माणूस जागाच असतो. तेव्हा आत्मज्ञानाला नुसतं 'जागृती' म्हटलं तर ज्यानं उपनिषद वाचलंय त्याला पहिली पायरीच शेवटची सांगितल्यासारखं होईल.

उत्तर

हे अर्धंच झालं. कठोपनिषद 'उत्तिष्ठत जाग्रत' म्हणतं तेव्हा ते झोपलेल्याला उठवत नाही, ते आत्मज्ञानासाठीच हाक देतं. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातही सर्वांची जी रात्र तिच्यात संयमी जागा असतो असं म्हटलंय. म्हणजे जागण्याची भाषा जुनीच आहे. फरक इतकाच, की जुन्या ग्रंथांत तिच्या शेजारी बोध असतो. कठाच्या त्याच ओळीत पुढे 'निबोधत' आहे. 'बुध्' या धातूतच जागं होणं आणि जाणणं दोन्ही आहे; त्यातूनच बुद्ध, बोध, प्रबोध. कार्तिकी एकादशीला प्रबोधिनी म्हणतात, कारण त्या दिवशी विष्णू झोपेतून उठतात. माझं मत विचाराल तर 'बोध' घ्या. आजीला कळेल आणि नातवालाही.

उत्तर

शब्दापेक्षा क्रियापदाकडे बघा, खरी अडचण तिथे आहे. हिंदीत 'साक्षात्कार प्राप्त करना', 'साक्षात्कार करना' चालतं. मराठीत बोध होतो, साक्षात्कार होतो, प्रचीती येते. आणि तो 'मला' होतो; 'मी' तो करत नाही. करायची ती साधना, जप, आसनं. मराठीनं ही रेघ इतकी स्वच्छ आखलीय की 'आत्मसाक्षात्कार करा' वाचताना कानाला बोचतं. संस्कृतात मात्र अशी अडचण नाही. योगसूत्रांच्या तिसऱ्या पादात 'संस्कारसाक्षात्करण' आलंय, संस्कार म्हणजे चित्तावर उरलेले ठसे प्रत्यक्ष पाहिल्यानं पूर्वजन्माचं ज्ञान होतं अशा अर्थानं. तिथे योगी स्वतः संयम लावून, म्हणजे एकाच विषयावर धारणा, ध्यान आणि समाधी साधून, ते करतो. पण तो संस्कारांचा विषय झाला. पुरुषाबद्दल, म्हणजे द्रष्ट्याबद्दल, पतंजली पहिल्या पादात फक्त एवढं म्हणतात की वृत्तींचा, म्हणजे चित्तात उठणाऱ्या तरंगांचा, निरोध झाला, ते थांबले, की द्रष्टा स्वतःच्या रूपात राहतो. मिळवणं नाही, पोचणं नाही, नुसतं राहणं. पुस्तिकेत 'मिळवा' लिहिलंत तर हे सगळं एका शब्दात पुसलं जाईल.

आणखी एक शब्द सुचवतो: बाणणे. 'कळतं पण वळत नाही' हे आपण रोज म्हणतो. जे कळलंही आणि वळलंही, ते 'अंगी बाणलं'. बोध झाल्यानंतरच्या स्थितीला याहून चांगलं मराठी क्रियापद मला माहीत नाही.

उत्तर

'निरोध'साठीही जपून. 'मनातले विचार दाबून टाका' असं बऱ्याच वर्गांत सांगतात आणि लोक डोळे घट्ट मिटून, कपाळाला आठ्या घालून बसतात. इंदुरातल्या कितीतरी मराठी घरांत संध्याकाळी टेंबे स्वामींची करुणात्रिपदी, दत्तगुरूंना आळवणारी तीन पदं, म्हणतात. स्वामींचे शिष्य नाना महाराज तराणेकर यांच्यामुळे ती इथे घरोघर रुजली. तिच्या सुरुवातीलाच चित्त शमवण्याची विनवणी आहे. वृत्ती शमतात. तुमच्या आज्यांना हा शब्द तोंडपाठ आहे, तो तिथूनच उचला.

प्रश्नकर्तीचं उत्तर

सगळ्यांची आभारी आहे. काका, साक्षात्कार ठेवतेय, पण दुसऱ्या पानावर, परोक्ष-अपरोक्षाच्या दोन ओळींसकट. जागृती घेत नाही. पहिलं पान सध्या असं झालंय:

'आसन-प्राणायामानं शरीर आणि श्वास स्थिर होतात. ध्यानानं चित्ताच्या वृत्ती शमतात. वृत्ती शमल्या की आपण मुळात कोण आहोत याचा बोध होतो. हा बोध कुणी आणून देत नाही आणि मागूनही मिळत नाही. आपल्या हाती रोजची साधना आहे. बोध अंगी बाणायला वेळ लागतो.'

'मुळात कोण आहोत' याऐवजी 'आत्मस्वरूपाचा बोध' लिहू का, यावर अजून मन ठरत नाही. पीएससीवाल्या मुलीला दोन्ही वाचून दाखवलं. ती म्हणाली, पहिलं लगेच समजलं, दुसऱ्याला 'स्वरूप म्हणजे चेहरा का?' असं विचारून राहिली होती. तिच्यासाठी पहिलं ठेवावं असं वाटतंय. कुणाची हरकत असेल तर रविवारच्या आत सांगा, सोमवारी छापायला देणार आहे.