अनुभव धागा: आपली गाडी, आपला मेस्तरी आणि खिशाला लागलेली चाट

मार्च संपत आलाय, दुपारी बोनटवर हात ठेववत नाही. गाडी दाखवून घ्यायची तर ती आत्ताच, म्हणून हा धागा काढतोय. मराठवाड्यात गाडी चालवणाऱ्यांनी आपापले अनुभव लिहा. काय बिघडलं, कोणता पार्ट टाकला, किती टिकला, वरून काय बसवलं आणि ते अंगाशी आलं का, सगळं चालेल. शोरूमची, गॅरेजची नावं घेऊन उणीदुणी काढू नका. आणि 'कोणती गाडी भारी' हा वाद टपरीवर घाला, इथं नको.

माझं मत आधीच सांगून टाकतो. सर्व्हिस बुकातलं 'दर दहा हजार किलोमीटरला' आपल्याकडं तसंच्या तसं चालत नाही. त्याच पुस्तकात मागं बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की धूळ, कडक ऊन, छोट्या छोट्या फेऱ्या असतील तर ऑइल आणि फिल्टर लवकर बदला. ते पान आपल्यासाठीच छापलंय. मी एअर फिल्टर दर दोन महिन्यांनी स्वतः काढून बघतो. चार स्क्रू किंवा दोन क्लिपा, त्याला गॅरेज लागत नाही.

लातूर, २०१३ची डिझेल हॅचबॅक

गाडीत फियाटचं १.३ मल्टिजेट आहे. हेच इंजिन त्या काळात बऱ्याच कंपन्यांच्या गाड्यांत बसायचं, त्यामुळं पार्टची कधी अडचण नाही. इकडचा कुठलाही मेस्तरी डोळे झाकून खोलतो. दुखणं होतं तापण्याचं. एसी लावून चढाला लागलं की काटा वर.

पहिल्या मेस्तऱ्यानं थर्मोस्टॅटच काढून टाकला. म्हणाला, "आता गाडी कधीच तापायची नाही." उन्हाळ्यात काटा जरा खाली राहिला खरा, पण थंडीत तो वर येईचना. थर्मोस्टॅट ही झडप असते, इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडं सोडत नाही. ती नसली की इंजिन गारच राहतं, कॉम्प्युटर डिझेल जास्त सोडतो आणि ॲव्हरेज पडतं. आपल्याकडं हा इलाज सर्रास करायलेत, तेव्हा विचारून घ्या.

दुसऱ्यानं पुढचा बंपर उतरवला. एसीचा कंडेन्सर (एसीचा गॅस गार करणारी जाळी) पुढं, रेडिएटर मागं, मधे बोटभर फट. त्या फटीत सोयाबीनचा भुसा नमद्यासारखा दाबून बसला होता, बोटानं उकरल्यावर थरच्या थर निघाले. ऑक्टोबरात आपल्याकडं रस्त्याच्या कडेलाच मळणीयंत्रं चालतात. त्या धुरळ्यातून गेलं की पंखा सगळं आत ओढतो. त्यानं पाणी आतून बाहेर, हलक्या दाबानं मारलं. वॉशिंग सेंटरचा फवारा समोरून मारला तर बारीक पट्ट्या वाकतात आणि भुसा अजून आत जातो.

आतली कथा वेगळीच. आधीच्या मालकानं वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतलेलं. २०१६ला ज्या गावाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथल्या खोल बोअरचं पाणी किती जड असतं ते सांगायला नको. गीझरच्या कॉइलवर बसतो तोच पांढरा थर नळ्यांत बसला होता. रेडिएटर नवा टाकला, थर्मोस्टॅट नवा, प्रेशर कॅपही (पाण्याचा दाब धरून ठेवणारं झाकण) नवी. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. कॅपकडं कोणी बघत नाही, पण तिची स्प्रिंग सैल झाली की दाब टिकत नाही, आणि दाब नसला की पाणी लवकर उकळतं. आता भर मे महिन्यात एसी लावून सोलापूरला जातो, काटा मधे.

परभणी, पेट्रोल सेडान

लातूरकर दादा, एसीचंही तेच. दर उन्हाळ्यात 'गॅस कमी झालाय' म्हणून भरून देतात आणि पुढच्या उन्हाळ्यात परत या म्हणतात. अहो, एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळत नाही, बंद नळ्यांत फिरतो. दर वर्षी कमी व्हायला लागला म्हणजे कुठंतरी गळतंय. मी शेवटी हट्टच धरला, आधी गळती दाखवा मग भरा. नायट्रोजनचा दाब देऊन, साबणाचं पाणी लावून बघितलं. कंडेन्सरच्या कोपऱ्यात बुडबुडे. कंडेन्सर बदलल्यापासून चार उन्हाळे गॅसला हात लावलेला नाही. आपल्याकडं पारा ४३-४४ला जातो तेव्हा एसी ही चैन नाही, विशेषतः मागं आई बसलेली असेल तर.

डॅशबोर्डखालचा केबिन फिल्टरही बघा. माझ्यातून निघालेला मातीच्या रंगाचा होता.

छत्रपती संभाजीनगर, बीएस-६ (धुराच्या नव्या नियमातली) डिझेल एसयूव्ही

ज्यांची डिझेल गाडी एप्रिल २०२०नंतरची आहे त्यांनी हे वाचाच. सायलेन्सरच्या वाटेवर डीपीएफ नावाची जाळी असते, ती काजळी धरते. भरली की गाडी स्वतःच ती सहाशे अंशांच्या आसपास तापवून जाळते, पण त्यासाठी सलग, जरा वेगात चालावी लागते. माझी फेरी म्हणजे सिडको ते शेंद्रा, सिग्नलवर सिग्नल. जळायला सुरुवात झाली की मी पोचलेलो. दिवा लागला, पिकअप गेला. आणि डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) काढली तर ऑइलची पातळी वाढलेली! काजळी जाळायला गाडी जादा डिझेल सोडते, जाळणं अर्धवट राहिलं की ते ऑइलमध्ये उतरतं. ऑइल ताबडतोब बदललं. आता अधूनमधून रविवारी जालन्यापर्यंत समृद्धीवरून जाऊन येतो, बायको म्हणते डीपीएफ हा नुसता बहाणा आहे.

कोणी 'जाळी काढून देतो, कटकट मिटवतो' म्हणालं तर ऐकू नका. ते बेकायदा आहे आणि वॉरंटीवर पाणी.

जालना

खडखड आवाज यायला लागला. एका ठिकाणी म्हणाले, दोन्ही लोअर आर्म (चाकाला खालून धरणारे लोखंडी हात) बदला. आमच्याकडं लोखंडाचं गाव, लेथ आणि प्रेसवाले गल्लोगल्ली. आर्म सरळ होते, फक्त बुश (आर्मच्या सांध्यातले रबर) फाटलेले. नवे बुश आणून प्रेसवर दाबून घेतले, वर अलाइनमेंट. आर्मच्या पाव खर्चात काम. बॉलजॉइंटला (आर्मच्या टोकाचा गोळीचा सांधा) खेळ असेल तर मात्र आर्मच बदला, तिथं काटकसर नको.

नांदेड, टायरबद्दल

समृद्धीवर वरचेवर जाणं होतं. काँक्रीटचा रस्ता, १२०चा वेग आणि दुपारचं ऊन. अशात 'उन्हाळ्यात हवा कमी ठेवा' असा सल्ला जो तो देतो. उलटं आहे बगा. हवा कमी असली की टायरची बाजू जास्त वाकते आणि त्या वाकण्यानंच टायर तापतो. ड्रायव्हरच्या दारापाशी स्टिकर असतं, त्यावरचा आकडा ठेवा आणि टायर गार असताना भरा. नायट्रोजन भरला तरी हाच आकडा.

टायर घेताना बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९चा २३वा आठवडा. मला 'एकदम नवीन' म्हणून दाखवलेला जोड तीन वर्षांपूर्वीचा निघाला. परत केला, दुसरा मागवला, दोन दिवस थांबलो. स्टेपनीचेही आकडे वाचा. माझ्या मेव्हण्याची स्टेपनी गाडीइतकीच जुनी होती, नक्षी कोरी करकरीत आणि बाजूला भेगा.

अंबाजोगाई, शिक्षिका

माझा विषय उंदीर. हसू नका. शाळेशेजारी धान्याचं गोदाम आहे, दिवसभर गाडी तिथं उभी. एके दिवशी चालू होईना, इंजेक्टरची वायर कुरतडलेली. पूर्ण वायरिंगचा खर्च ऐकून घाबरले. इलेक्ट्रिशियनदादांनी तेवढाच तुकडा डाख देऊन जोडला, वर जाळीची नळी घातली. तंबाखूची पानं ठेवा म्हणून सगळे सांगतात. आमच्या उंदरांना बहुतेक व्यसन आहे. खालून बारीक तारेची जाळी बसवल्यापासून मात्र त्रास नाही.

बीड

गाड्या सजवणाऱ्या डेकोरेटरच्या नादानं हेडलाइटला शंभर वॅटचे बल्ब बसवलेल्या गाड्या मी रोज दुरुस्त करतो, म्हणून लिहितो. मूळ बल्ब ६०/५५ वॅटचा, वायरही तेवढ्याच जाडीची. होल्डर आधी पिवळा, मग तपकिरी पडतो, शेवटी वितळून बल्बलाच चिकटतो. वायर कापून जोडलेलं काहीही बसवू नका. आणि हॅलोजनच्या काचेत एलईडी टाकला की समोरच्याच्या डोळ्यांत जातो. उसाच्या ट्रॉल्यांना मागं दिवा नसतो म्हणून उजेड हवा हे मान्य; आधी काच पॉलिश करून, लाइटची उंची सेट करून बघा. निम्म्या गाड्यांचं तेवढ्यातच भागतं.

धाराशिव

पार्ट घेताना पार्ट नंबरनं मागा, आणि जुना पार्ट दाखवायला सांगा. शॉकअप, क्लच प्लेट, ब्रेक पॅड कार कंपनी स्वतः बनवत नाही. गॅब्रिएल, व्हॅलिओ, बॉश अशांकडून घेते. त्यांच्याच डब्यात घेतलं तर बहुतेक वेळा स्वस्त पडतं. बिल पक्कं घ्या. २२ सप्टेंबर २०२५पासून पार्टवर जीएसटी १८ टक्के आहे, कोणी अजून २८च्या हिशेबानं सांगत असेल तर थांबवा.

उदगीर

जुन्या पेट्रोल गाडीला सीएनजी किट बसवावं का? ई-२०मुळं (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) ॲव्हरेज उतरलंय. ऊस आपला, कारखाने आपले, आणि टाकीत इथेनॉल भरून किलोमीटर कमी!

धागा काढणारा

उदगीरकर, इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जाच कमी, त्यामुळं ॲव्हरेज थोडं उतरणारच. गाडी एप्रिल २०२३च्या आधीची असेल तर इंधनाचे रबरी पाइप, सील एकदा तपासून घ्या. किटचं म्हणाल तर रोजचं अंतर मोठं असेल आणि वाटेवर पंप असेल तरच. मान्यताप्राप्त किट घ्या, आरसीवर नोंद करा, विम्याला कळवा. दर तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रोटेस्ट (पाण्याचा दाब देऊन तपासणी) असते, तोही खर्च धरा. आणि डिकी गेली असं समजा. आखाजीला गावाकडून आंब्याच्या पेट्या आणायच्या असतील तर घरी आधी विचारून घ्या.