मदत हवी आहे: किनाऱ्यावर जिओकॅशची गर्दी झालीय, काय करावं?

मंडळी, सल्ला हवाय. आमच्या दापोलीकडे जिओकॅशिंगवाले (जीपीएसवरून लपवलेल्या डब्या, म्हणजे जिओकॅश, शोधून आतल्या कागदावर सही करायचा खेळ खेळणारे) मोजकेच. त्यातल्या एका उत्साही गड्याने मुरुड ते हर्णै रस्त्यालगत डब्यांची रांगच लावलीय. दोन डब्यांत १६१ मीटर अंतर हवं, तो नियम पाळलाय, त्यामुळे बोलायची सोय नाही! पण सगळ्या एकजात: फिल्मची डबी, सुरूच्या बुंध्याशी नाहीतर जांभ्याच्या गडग्यात खुपसलेली. (गडग्यात फुरसं असतं, हे पाहुण्यांना कोण सांगणार?) पुण्या-मुंबईची मंडळी येतात, भराभर सह्या ठोकतात आणि जातात. पावसाळ्यात आतल्या कागदाचा लगदा होतो, तो बदलायला कोणी फिरकत नाही. वाडीतले लोक मात्र आम्हालाच हटकतात. शिवाय नव्या पोरांनी जागा शोधली की शेजारी आधीच डबी, म्हणून नव्या डबीच्या नोंदणीला नकार.

मला वाटतं, निम्म्या काढून एक मल्टी कॅश करावी, म्हणजे एकेका टप्प्यावरच्या खुणेवरून पुढे जात शेवटी डबी सापडते तशी. मधले टप्पे फलकांवरचे आकडे वाचून सोडवायचे ठेवले, तर ते अंतराच्या हिशेबात येत नाहीत. पण त्याला न दुखावता हे सांगायचं कसं? रत्नागिरी, मालवणकडे कोणी असं आपसांत जमवलंय का?